वादातील सभ्यता

पस्तीस वर्षे शाळेत शिकविलेल्या मनुष्यास एक खोड जडते. कोणाचेही लिखाण हाती आले की प्रथम त्यातील ऱ्हस्वदीर्घ पाहावयाचे, मग वाक्यरचना पाहावयाची, आणि दोन्ही निर्दोष आढळली म्हणजे लिहिणाराही सभ्य असला पाहिजे असे मनाशी ठरवून टाकावयाचे. ही खोड माझ्या ठायी आहे हे मी आरंभीच कबूल करतो. कारण या लेखात जे सांगावयाचे आहे ते बरेचसे तिच्यासंबंधीच आहे.

सन २०२५ च्या उन्हाळ्यात आमच्या घोडनदीच्या घरात एका वादाने ठाण मांडले. (सरकारी दप्तरात गावाचे नाव शिरूर, जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात.) त्या वर्षी १६ एप्रिल रोजी महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला की, मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य राहील. मोठा क्षोभ झाला. आठवड्याच्या आतच शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी ‘अनिवार्य’ या शब्दास स्थगिती दिल्याचे सांगितले. १७ जून रोजी सुधारलेला निर्णय निघाला; त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ हा शब्द आला, आणि हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असल्यास वर्गातील निदान वीस मुलांनी तशी इच्छा दर्शविली पाहिजे अशी अट आली. क्षोभ वाढला. अखेर २९ जून रोजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दोन्ही निर्णय मागे घेत असल्याचे सांगून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. ५ जुलैस वरळी येथे उद्धव व राज हे ठाकरे बंधू पुष्कळ वर्षांनी एका व्यासपीठावर आले. हा सर्व इतिहास वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या घरातील इतिहास मात्र ठाऊक असण्याचे कारण नाही.

आम्ही अकरा माणसे एका चुलीवर जेवतो. माझे धाकटे बंधू बँकेतून निवृत्त झालेले; राष्ट्रीय शिक्षण धोरणाचे ते कैवारी. त्यांचा मुलगा पुण्यास नोकरीस असून शनिवार-रविवारी घरी येतो. तो मराठीचा कैवारी. हा वाद ओटीवर चालत होता तोवर काही बिघडले नाही. समोर बसलेल्या वडिलांची मर्यादा राहते, आणि आतून मातोश्रींची हाक आली की आवाज आपोआप उतरतो. परंतु आमच्या कुळाचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. नागपूरपासून अमेरिकेपर्यंतची साठएक माणसे त्यात आहेत. वाद तेथे गेला. पुतण्याने तेथे हिंदीच्या पुरस्कर्त्यांस ‘दिल्लीचे हुजरे’ म्हटले. बंधूंनी उत्तर लिहिले की, ज्यांस स्वतःची मुलगी इंग्रजी शाळेत घालताना मराठी आठवत नाही, त्यांनी ‘मतांच्या भिकाऱ्यांची’ री ओढू नये. पुतण्याची मुलगी इंग्रजी माध्यमात आहे हे साऱ्या कुळास माहीत होते. पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आला, पण बाप उठल्यावर दुसऱ्या पंगतीस बसला.

मातोश्री नव्वदीच्या आहेत. त्यांनी मला बोलावून म्हटले, “तू मास्तर होतास ना रे? मग यांच्या वह्या तपास.”

आज्ञा शिरसावंद्य मानून मी महिन्याभराची वर्तमानपत्रे काढली, दोघांचे संदेश घरातल्या पोरीकडून कागदावर उतरवून घेतले, आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. असभ्य ते कोणते आणि सभ्य ते कोणते हे एकदा निश्चित करावे असा माझा हेतू होता.

कसोटी परदेशातून आणावी लागली नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय हे कळावे म्हणून प्रमाण देऊन केलेली चर्चा तो वाद. केवळ जिंकण्यासाठी केलेली, जीत छल चालतो, ती जल्प. आणि स्वतःचा पक्ष मुळी मांडावयाचाच नाही, दुसऱ्याचा तेवढा मोडावयाचा, ती वितंडा. आपण मराठीत भांडणालाच वाद म्हणू लागलो, त्यामुळे एक चांगला शब्द वाया गेला. शिवाय आपल्या शास्त्रग्रंथांची रीत अशी की, आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्ष्याचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने सांगावयाचे, आणि तेही इतक्या निष्ठेने की, तो ऐकत असता तर म्हणाला असता, “होय, माझे म्हणणे हेच.” मग खंडन.

छलाचे जे प्रकार नैयायिक सांगतात त्यांतील वाक्छलाचे उदाहरण मुलांस फार आवडे. एकाने म्हटले, हा मुलगा ‘नवकंबल’ आहे. म्हणजे याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, “नऊ कोठे? एकच तर दिसते!” आता ‘अनिवार्य’ काढून ‘सर्वसाधारणपणे’ घातले आणि वीस मुलांची अट ठेवली, पण आमच्या तालुक्यात काय किंवा राज्यात काय, वाड्यावस्त्यांवरील कित्येक शाळांत सगळे वर्ग मिळून वीस मुले भरत नाहीत. घोंगडी एकच की नऊ, हे वाचकांनीच ठरवावे. मी तेथे पेन्सिलीची खूण केली.

विरोधकांच्या कागदावरही खुणा झाल्या. २०२० च्या धोरणाने हिंदी लादली असे कित्येकांनी लिहिले. धोरणात तीन भाषांचे सूत्र आहे, त्यांतील दोन भारतीय असाव्यात असे आहे, आणि कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही असेही आहे. म्हणजे धोरणाच्या नावाने हिंदीचा आग्रह धरणारे आणि धोरणाच्या नावाने हिंदीबद्दल शिव्या देणारे, दोघांनीही ते पान उलटून पाहिले नव्हते. पुढे सत्तापक्षाने सांगितले की, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीचा अहवाल मागल्या सरकारनेच स्वीकारला होता, मग आता ओरड कशाची? विरोधकांनी सांगितले की, अहवाल स्वीकारणे वेगळे व अमलात आणणे वेगळे. या ‘तुम्हीच ते’ आणि ‘आम्ही नव्हे’ यांवर जितका कागद खर्ची पडला त्याच्या दशांशही मूळ प्रश्नावर पडला नाही. मूळ प्रश्न खरोखर गोड होता. एक पक्ष म्हणे, लिपी एकच, तेव्हा मुलास हिंदी सोपी जाईल. दुसरा म्हणे, लिपी एकच म्हणूनच कठीण जाईल. आज ‘पाणी’ लिहावयास शिकलेले मूल उद्या ‘पानी’ लिहील, आणि वर्गात ‘शिक्षा’ म्हणजे दंड की शिकणे याचा त्यास उलगडा होणार नाही. यावर एखाद्या विद्वानाने चार दिवस वाद केला असता तर मी दोन्ही वेळा जेवण सोडून ऐकला असता.

तसा वाद अगदीच झाला नाही असे नाही. शासनाचीच भाषा सल्लागार समिती, लक्ष्मीकांत देशमुख ज्या समितीचे अध्यक्ष, तिने शासनाच्या निर्णयास विरोध केला. अध्यक्षांनी मुख्यमंत्र्यांस पत्र लिहून निर्णय मागे घेण्याची विनंती केली. ज्याने नेमले त्यालाच ‘आपण चुकता’ असे सांगावयाचे, आणि तेही कारणे देऊन! तेथे माझ्या पेन्सिलीस काम नव्हते. २९ जूनला मुंबईत त्या शासननिर्णयाची होळी झाली, तिच्याविषयी मी पुष्कळ विचार केला आणि खूण केली नाही. कागद जाळला, माणूस नव्हे. त्याच आठवड्यात मीरा रोडला मराठीच्या नावाने एका दुकानदारास मारहाण झाली. ती तर तिन्ही प्रकारांत बसत नाही. तिला चौकीत नोंदवावे, न्यायशास्त्रात नव्हे.

येणेप्रमाणे माझे कोष्टक होत आले होते. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या. त्या रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीस शिकवितात. त्यांच्या वर्गात कारखान्यांतून काम करणाऱ्या बिहारी व उत्तर प्रदेशी मजुरांची सात-आठ मुले आहेत. ती दिवाळीपर्यंत खेळता खेळता मराठी बोलू लागतात आणि इतर मुले त्यांच्याकडून हिंदी उचलतात, असे त्या सांगतात. शासननिर्णय निघाले व गेले, पण त्यांस कोणी एक शब्द विचारला नाही. त्यांनी माझ्या लाल खुणा पाहिल्या आणि म्हणाल्या, “बाबा, तुमच्या पेन्सिलीला तिखट शब्द तेवढे बरोबर सापडतात. गोड बोलून माणसाला वगळलेले असते, ते कुठे सापडते?”

मी उत्तर दिले नाही. रात्री मात्र झोप आली नाही, आणि एक जुनी गोष्ट डोक्यात फिरू लागली.

आमच्यासारख्या घरांत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला म्हणजे मराठी गद्याचा वस्तुपाठ. माझे वडील ती आम्हांकडून मोठ्याने वाचून घेत. त्याच निबंधमालेत शास्त्रीबोवांनी जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतला. व्याकरणाच्या व भाषेच्या चुका वेचून काढल्या आणि मोठ्या ऐटीने थट्टा केली. वाचताना आम्ही हसत असू. फुल्यांची भाषा रांगडी, आमच्या वर्गास ती बोचणारी, म्हणून ती असभ्य. शास्त्रीबोवांची प्रौढ, नादमधुर, म्हणून ती सभ्य. याविषयी आमच्या ओटीवर कधी शंका निघाली नाही.

पुढे शिक्षकी पेशात पडल्यावर फुल्यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे दिलेले निवेदन माझ्या वाचण्यात आले. त्यातही उच्चवर्णीयांविषयी कडक शब्द आहेत. ते मला आजही सुखाने वाचवत नाहीत. पण ते बाजूस ठेवून पाहिले तर काय दिसते? सारा रयतेकडून घ्यावयाचा आणि खर्च वरच्या वर्गाच्या शिक्षणावर करावयाचा, हा अन्याय आहे, हा सिद्धान्त. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, हा उपाय. शिकावयाचे काय? मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे व आरोग्याचे काही पाठ. मास्तरास पगार किती? शिकलेल्या मास्तरास बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस. ज्यास प्रतिपक्ष्याशी केवळ भांडावयाचे आहे तो मास्तराचा पगार रुपयांत सांगत बसत नाही. ज्यास शाळा चालवावयाची आहे तोच सांगतो. जोतीरावांच्या निवेदनास उत्तर देणे शक्य होते. त्यांनी तशी जागा ठेवली होती. शास्त्रीबोवांच्या थट्टेस उत्तर काय देणार? व्याकरण सुधारणे एवढेच.

मोठ्या पक्षांत हे एकदाच घडले असेही नाही. आगरकरांची त्यांच्या हयातीतच पुण्यात प्रेतयात्रा काढणारे लोक अशिक्षित नव्हते. उलट गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते १९ मार्च १९१२ रोजी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले. पडणार हे त्यांस आधीच माहीत होते. तरीही सरकारी व बिनसरकारी प्रतिपक्ष्यांचा एकेक आक्षेप घेऊन, खर्चाच्या आकड्यांसह, त्यांनी उत्तरे दिली. गोखल्यांस मवाळ म्हणून हिणविण्याची आमच्याकडे चाल होती. मला वाटते, ज्या सभेत आपण हरणार हे नक्की आहे तेथे समोरच्याचे म्हणणे बरोबर सांगावयास मवाळपणापेक्षा निराळेच काही लागते.

आता मूळ खोडीकडे येतो.

सन २००० मध्ये प्रा. रामकृष्ण मोरे हे राज्याचे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. तोवर मराठी शाळांत ते पाचवीस सुरू होई. मी कट्टर विरोधक होतो. त्यापूर्वी सहा वर्षे दौंडला एका शाळेत नोकरी केली होती. तेथील एक सहकारी माझे स्नेही झाले. दौंड हे रेल्वेचे गाव. पुणे-सोलापूर मार्ग व मनमाडचा फाटा तेथे मिळतो, आणि त्या रुळांबरोबर तेलुगू, तमिळ, कानडी, हिंदी बोलणारी कुटुंबे येऊन वसली. या गृहस्थांचे वडील रायचूरकडून रेल्वेत खलाशी म्हणून आलेले. घरी तेलुगू, मराठी ते शाळेत शिकले, आणि मराठीच शिकवू लागले, व माझ्यापेक्षा चांगले शिकवीत. त्यांना संस्कृताची फार हौस. दोन हिवाळे ते संध्याकाळी माझ्या खोलीवर येत. आम्ही रघुवंशाचे काही सर्ग आणि सबंध शाकुंतल वाचले.

पहिलीपासून इंग्रजीस त्यांनी शिक्षकांच्या सभेत पाठिंबा दिला. आठ दिवसांनी मी जिल्ह्यातील एका साप्ताहिकात पत्र लिहिले. कोणाचे नाव नव्हते. वसंतात कोकिळा गोड गाते, पण ती कोणाच्या घरट्यात वाढली हे विचारू नये, अशा धर्तीचा मजकूर होता. मथळा होता ‘परभृतांचे कूजन’. परभृत म्हणजे दुसऱ्याने पोसलेला, अर्थात कोकीळ. पत्रात एकही शिवी नव्हती. शिरूर-दौंडच्या शाळांतून ते वाचले गेले, लोक हसले, पुष्कळांनी माझी पाठ थोपटली. माझे स्नेही त्यानंतर माझ्याकडे आले नाहीत. मीही गेलो नाही. मतभेद पचत नाहीत काही लोकांना, असे मी घरी म्हणत असे.

२०२५ ची आषाढी झाल्यावर एका सोमवारी मी निघालो. न्हावऱ्यावरून चौफुल्यास, तेथून दुसऱ्या गाडीने दौंडला. स्टेशनपासून त्यांचे घर जवळच आहे. त्यांनी मला ओळखले, पायांस हात लावू लागले, मी धरले. चहा झाला. मग मला काही बोलता येईना, तेव्हा तेच उठले आणि कपाटातून एक वही काढली. तीत ते कात्रण होते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “यात एकही चूक नाही. मी पुष्कळदा तपासले.”

मी म्हटले, तुमच्या जन्माविषयी, घराविषयी माझ्या मनात काही नव्हते. शब्द कोकिळेचा म्हणून सुचला.

“शाकुंतलाचा पाचवा अंक आपणच मला शिकविलात,” ते म्हणाले. “भर दरबारात राजा तिला हेच म्हणतो, की कोकिळा आपली पोरे दुसऱ्यांकडून वाढवून घेतात. आपण तेव्हा सांगितले होते, किती सुंदर वाणी आणि केवढा घाव! पण राजाला शाप होता, गुरुजी. त्याला ती आठवत नव्हती.”

पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. उच्चारले असते तर बरे झाले असते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “माझे म्हणणे काय होते, हे तरी आपल्याला आठवते का?” मी म्हटले, आठवते. त्यांनी वहीचे एक कोरे पान फाडून मजपुढे ठेवले आणि पेन दिले. जसे मी हजारो मुलांपुढे ठेवले असेल. मी लिहिले : ‘इंग्रजी लवकर आले तर गरिबांच्या मुलांस पुढे नोकऱ्या मिळतील, श्रीमंतांची मुले इंग्रजी शाळांत जातात, आपली मागे राहतात, म्हणून पहिलीपासून इंग्रजी असावे, असे यांचे मत.’

त्यांनी वाचले, खिशातून पेन्सिल काढली आणि पहिल्या वाक्यावर काट मारली. “नोकरीविषयी मी एक अक्षर बोललो नव्हतो. मी म्हणालो होतो, पाचवीतल्या मुलाला चुकण्याची लाज वाटू लागलेली असते. पहिलीतल्याला वाटत नाही. परकी भाषा लाज येण्यापूर्वी कानावर पडावी. मी स्वतः मराठी तशीच शिकलो.”

पंचवीस वर्षे मी ज्या मताचे खंडन केले म्हणून मिरविले, ते मत मला त्या दिवशी प्रथम कळले. ते बरोबर आहे असे मला अजूनही वाटत नाही. लाज नसलेल्या वयात मातृभाषेचाच पाया पक्का व्हावा, असे माझे म्हणणे आहे, आणि ते मी त्यांस सांगितले. त्यांनी ते खोडून काढले, मी पुन्हा मांडले. चौफुल्याची गाडी गेली, मग तिच्या नंतरचीही गेली. रात्री त्यांच्याकडेच राहिलो.

तो काट मारलेला कागद मी मागून घेतला. घोडनदीस आल्यावर मातोश्रींनी विचारले, वह्या तपासल्यास का? मी माझीच वही त्यांना दाखविली. शनिवारी बंधूंपुढे व पुतण्यापुढे एकेक कोरा कागद ठेवला आणि सांगितले की, प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे लिहावयाचे, आपले नव्हे. आणि ज्याचे ते म्हणणे, त्याने ते तपासावयाचे. बंधूंनी तीन वेळा लिहिले व तीन वेळा फाडले. पुतण्याने बराच वेळ पेन चावले, मग “पुण्याला जाऊन लिहितो, काका,” असे म्हणून कागद घडी करून खिशात घातला. सूनबाईंनी आपण होऊन तिसरा कागद मागून घेतला आहे.